बाद होण्याचा हक्क

(जवाहरनगर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, मागच्या वेळी आम्ही कांटवर बोललो तेव्हा तिसऱ्या रांगेतले दोघेजण शांतपणे झोपले होते. (हशा) नावं सांगत नाही. म्हणून आज विनोदी चित्रपट घेतला आहे. कांट त्यात येणारच आहे, पण मागच्या दाराने.

चित्रपटाचं नाव 'द बॅड न्यूज बेअर्स'. साल १९७६. दिग्दर्शक मायकेल रिची, पटकथा बिल लँकेस्टर यांची, आणि मुख्य भूमिकेत वॉल्टर मॅथाऊ. सुरकुतलेला चेहरा, खांदे पडलेले, सकाळीच हातात बिअरचा डबा. हा माणूस लहान मुलांना बेसबॉल शिकवतो. एवढीच गोष्ट. आम्ही तो पहिल्यांदा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, तेव्हा नुसते हसलो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा हसता हसता मध्येच गप्प झालो. त्या गप्प होण्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी बेसबॉल थोडा समजून घेऊ. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल असतो; ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना अडचण नाही, ती दोन्ही भावंडंच. इतरांसाठी सांगतो. एका संघात नऊ गडी. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. फलंदाजाने मारायचा आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर मांडलेले तळ एकेक गाठत परत सुरुवातीच्या जागी यायचं. पूर्ण फेरी झाली की एक धाव. आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. लहान मुलांत बहुतेक फलंदाज उजव्या हाताचे, आणि त्यांचे जोरकस फटके बहुतेक डावीकडे जातात. त्यामुळे ज्या पोराला चेंडू झेलता येत नाही त्याला उजवीकडे लांब उभं करतात. त्या जागेला राइट फील्ड म्हणतात. आपल्या गल्लीत 'जा रे, तू तिकडे नालीजवळ उभा राहा' असं ज्याला सांगतात ना, तो राइट फील्डर. (हशा)

तर हा नायक, मॉरिस बटरमेकर. एके काळी दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये पिचर होता. आता कॅलिफोर्नियात लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करतो. तिथल्या मुलांच्या एका लीगमध्ये कुणालाच नको असलेली पोरं होती. एका नगरसेवकाने कोर्टात जाऊन त्यांना लीगमध्ये घ्यायला लावलं. त्याचा स्वतःचा मुलगाही त्यात होता, हे सांगायला नको. संघ तर झाला, शिकवायला कोणी मिळेना. मग बटरमेकरला गुपचूप चेक देऊन आणलं. पोरं कशी? एक जाडा, सतत खाणारा. एक चष्मेवाला, ज्याला खेळाचे आकडे पाठ पण चेंडू दिसत नाही. एक पिटुकला, तोंडाने अत्यंत घाण. दोघांना इंग्रजीच येत नाही. आणि एक ल्युपस नावाचा मुलगा, नाक वाहतंय, कोणी बोललं की मान खाली. पहिल्या सामन्यात पहिल्याच डावात समोरच्यांनी सव्वीस धावा केल्या, एकही गडी बाद झाला नाही. बटरमेकरने तिथेच सामना सोडून दिला.

पुढे काय होतं ते असल्या सगळ्या चित्रपटांत होतं: संघ सुधारतो, अंतिम सामन्यात पोचतो. यात नवल नाही. कसा सुधारतो, ते बघण्यासारखं आहे. बटरमेकर दोन खेळाडू बाहेरून आणतो. एक अमांडा, त्याच्या जुन्या मैत्रिणीची अकरा-बारा वर्षांची मुलगी. ही भूमिका टेटम ओनीलची. तिला आधीच, दहाव्या वर्षी, 'पेपर मून'साठी ऑस्कर मिळालं होतं. बटरमेकरनेच तिला पूर्वी चेंडू टाकायला शिकवलं होतं. पण ती फुकट येत नाही. घासाघीस करते, बॅलेच्या शिकवणीचे पैसे मागते, परदेशी जीन्स मागते. मुलीने पिचर होणं तेव्हा ताजं प्रकरण होतं बरं का. अमेरिकेत लिटल लीग ही मुलांच्या बेसबॉलची मोठी संस्था १९३९ साली सुरू झाली, आणि मुलींना तिचे दरवाजे उघडले ते १९७४ साली, कोर्टकचेऱ्या झाल्यावर. म्हणजे चित्रपटाच्या फक्त दोन वर्षं आधी. दुसरा खेळाडू केली, सिगारेट ओढणारा, मोटारसायकलवर फिरणारा वांड मुलगा, आणि त्या भागातला सर्वांत चांगला खेळाडू.

आता बघा, प्रशिक्षक चेकसाठी आला. मुलगी जीन्ससाठी आली. खेळासाठी कोण आलं? आपल्यासारखे सज्जन लोक इथे नाक मुरडतील. पण १९८१ साली अ‍ॅलस्डेर मॅकइंटायर या तत्त्वज्ञाने 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात एका सात वर्षांच्या मुलाचं उदाहरण दिलं आहे. मुलाला बुद्धिबळात रस नाही, गोळ्यांत आहे. त्याला सांगायचं, माझ्याबरोबर खेळलास तर गोळ्यांना पैसे देईन, जिंकलास तर आणखी देईन. मूल खेळतं, जिंकण्यासाठी धडपडतं. मात्र जोवर त्याला फक्त गोळ्या हव्यात, तोवर लबाडी न करण्याचं त्याला काहीच कारण नाही. उलट जमली तर करण्याचं कारण आहे. मग एक दिवस असा येतो, यावा अशी आशा असते, की त्याला बुद्धिबळातलंच काहीतरी आवडू लागतं. ती चाल, तो पेच. त्या दिवसापासून लबाडी केली तर तो आपल्याला फसवत नाही, स्वतःला फसवतो.

हे अमेरिकेचं झालं. इथून तासाभराच्या रस्त्यावर नागपूर आहे. तिथे हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. २००१ सालची गोष्ट ते सांगतात: पाऊस पडत होता, आणि झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथांनी इकडून तिकडे मारत खेळत होती. बारसे सरांनी त्यांना फुटबॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था झाली, तिची मुलं होमलेस वर्ल्ड कपमध्ये परदेशात जाऊन खेळून आली. २०१४ साली 'सत्यमेव जयते'मुळे हे काम घरोघरी पोचलं. आणि २०२२ साली नागराज मंजुळेंनी त्यावर 'झुंड' काढला. अमिताभ बच्चन प्रशिक्षक, आणि पोरं नागपूरचीच, बरीचशी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. त्यांची बोली ऐकताना आपल्याला उपशीर्षकं लागत नाहीत. (हशा)

'झुंड'मध्ये आम्हाला सर्वांत आवडलेली युक्ती कुठली? ते सर पोरांना म्हणतात, अर्धा तास फुटबॉल खेळा, पाचशे रुपये देतो. पोट्टे खेळतात, पैसे घेतात, जातात. दुसऱ्या दिवशी परत तेच. असं काही दिवस चालतं. मग एके दिवशी सर सांगतात, आज पैसे नाहीत. आणि पोरांचे पाय घराकडे वळत नाहीत. त्यांना बॉल हवा असतो. मॅकइंटायरच्या त्या मुलाची गोष्ट ही. फक्त गोळ्यांच्या जागी पाचशेची नोट आहे. मंजुळेंनी तो ग्रंथ वाचला आहे की नाही, हा प्रश्नच नाही. चांगला शिक्षक हे हातानेच जाणतो.

म्हणजे आमिष वाईट नाही. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या गोळीमुळेच आलो आहोत. आम्ही तत्त्वज्ञानाला आलो कारण त्या वर्गात गर्दी कमी होती. (हशा) अडचण पुढे आहे. पोराच्या हातून गोळी सुटते आणि मोठ्या माणसाच्या हातून सुटत नाही.

'बेअर्स'मध्ये नेमकं हे होतं. संघ जिंकायला लागतो आणि बटरमेकर बदलतो. आधी आळशी होता, आता त्याला चव लागली. तो केलीला सांगतो, कुणाच्याही वाट्याचा झेल असो, धावत जा आणि तूच घे. केली तसं करतो. बाकीची पोरं हात पुढे करून उभी, आणि चेंडू डोळ्यांसमोरून कोणी दुसराच उचलून नेतो. सामना जिंकतात, आणि पोरं केलीशी बोलेनाशी होतात. एका मुलाला तो सांगतो, फटका मारू नकोस, अंगावर चेंडू घे, म्हणजे फुकटात पहिल्या तळावर जाशील. मागच्या दाराने कांट आला बघा. १७८५ साली त्याने लिहिलं की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे हे विसरू नका. परीक्षेत तुम्ही हे दहा मार्कांसाठी लिहिलं असेल. इथे एक दहा-अकरा वर्षांचं पोर बरगडीत चेंडू लागावा म्हणून पुढे झुकतंय, इतकाच त्याचा अर्थ.

समोरच्या संघाचा प्रशिक्षक टर्नर, त्याचा मुलगा जोई हाच त्यांचा पिचर. अंतिम सामन्यात जोई रागाच्या भरात फलंदाजाच्या डोक्याच्या रोखाने चेंडू टाकतो. टर्नर मैदानात चालत जातो आणि सगळ्यांसमोर मुलाच्या थोबाडीत मारतो. आम्ही हसता हसता गप्प झालो ते इथे. पुढच्या चेंडूवर फटका सरळ जोईच्या हातात येतो. आणि तो काय करतो? काहीच नाही. चेंडू हातात धरून उभा राहतो. तो जाडा मुलगा धापा टाकत सगळे तळ गाठतोय, संघातले सवंगडी जोईच्या हातातून चेंडू हिसकायला बघताहेत, आणि हा सोडत नाही. धाव पूर्ण झाली की चेंडू बापाच्या पायाशी टाकतो आणि मैदानाबाहेर निघून जातो. एक शब्द नाही. चित्रपटात शिव्या इतक्या आहेत की नातवंडांबरोबर बघण्याआधी एकदा स्वतः बघून घ्या. काही तर वंशावरून दिलेल्या आहेत, आज त्या ऐकवत नाहीत. पण त्या शिवराळ चित्रपटातलं सगळ्यांत मोठं बंड हे असं मुकं आहे.

आता थोडं आपल्या अंगणात येऊ. आपण लगोरी खेळलो, लपाछपी खेळलो, विटीदांडू खेळलो. कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा, आई म्हणायची 'घ्या रे त्यालाही'. मग काय करायचो? त्याला कच्चा लिंबू करायचो. काही ठिकाणी लिंबूटिंबू म्हणतात. तो पळतो, ओरडतो, सगळ्यांबरोबर घाम गाळतो. तो पकडला गेला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. कुठल्याही मोठ्या माणसाने न शिकवता पोरांनी काढलेला हा नियम आहे. अशक्त पोराला घरी धाडायचं नाही, आणि त्याच्यापायी खेळही मोडायचा नाही. आम्हाला या नियमाबद्दल फार आदर आहे. एखाद्या मंत्रालयाला हा मसुदा करायला पाच वर्षं लागली असती. (हशा)

पण त्यात एक काटा आहे, आणि तो फक्त कच्च्या लिंबाला टोचतो. काही दिवस त्याला मजा येते. मग एके दिवशी तो म्हणतो, मला पण आउट करा. माझ्यावर पण राज्य द्या. आपल्याला वाटतं, येडा आहे का, फुकटची सवलत सोडतोय. त्याला कळलेलं असतं की जो बाद होऊ शकत नाही, त्याच्या धावेलाही काही किंमत नाही. तो खेळतोय असं दिसतं, पण त्याला वगळून मोजलं तरी बेरीज तीच येते. मोजदादीत येणं ही त्याची मागणी आहे. बाद होण्याचा हक्क मागतोय तो.

'लगान' सगळ्यांनी पाहिला आहे, २००१ चा, आशुतोष गोवारीकरांचा. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य मुलगा, हाताने अधू. गाव म्हणतं, याला संघात घेतलं तर आम्ही खेळणार नाही. भुवन सगळ्यांना सुनावतो आणि कचरा संघात येतो. प्रसंग मोठाच आहे, आजही अंगावर येतो. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला खोड असते, म्हणून विचारतो: भुवनची नजर कचराकडे आधी का गेली? कारण त्या अधू हाताने टाकलेला चेंडू भयंकर वळत होता. उपयोग दिसला, मग न्याय आठवला. समजा चेंडू वळलाच नसता तर? हा आक्षेप चित्रपटावर नाही, इंग्रजांचा लगान डोक्यावर असताना दुसरं काय करणार. आक्षेप आपल्यावर आहे. वंचितात लपलेला हिरा सापडला की आपल्याला भरून येतं. हिरा न सापडणाऱ्यांची संख्या मात्र कितीतरी मोठी असते.

ल्युपसचा चेंडू वळत नाही. त्याच्याकडे कसलीही गुप्त विद्या नाही. अंतिम सामना चुरशीचा चालला आहे, बटरमेकर पोरांवर ओरडतो, तुम्हाला यांना हरवायचं नाही का, आणि पोरं नुसती त्याच्याकडे बघत राहतात. त्या चेहऱ्यांत त्याला टर्नर दिसतो, म्हणजे स्वतःच दिसतो. मग तो बाकावरची सगळी पोरं मैदानात उतरवतो. ल्युपस कचरतो. बटरमेकर त्याला त्याच्या रांगड्या भाषेत सांगतो की तू काय जन्मभर बाकावर बसायला आला आहेस का, जा, जमेल तसं खेळ. नगरसेवक धावत येतो, अहो जिंकत होतो आपण, हे काय करताय! ज्या माणसाने कोर्टात जाऊन या पोरांना लीगमध्ये घुसवलं, तोच हे म्हणतो. हक्कासाठी भांडणारा माणूस आणि हक्क द्यायची वेळ आलेला माणूस, एकाच सदऱ्यात.

ल्युपसला कुठे उभं करतात? राइट फील्डला, अर्थात. आणि चेंडू तिकडेच येतो. उंच. कुंपणाच्या दिशेने. या वेळी मध्ये धावत येऊन झेल घेणारा केली नाही. ल्युपस मागे सरतो, हातमोजा वर करतो, आणि चेंडू त्यात पडतो. त्याला स्वतःला पटत नाही. झेल सुटला असता तरी आमचं म्हणणं हेच राहिलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र तो सुटला नाही याचा आम्हाला दर वेळी आनंद होतो.

आता एक गोष्ट आमची. सांगावी की नाही असा विचार करत होतो, पण एवढं सगळं दुसऱ्यांबद्दल बोलून स्वतः निसटणं बरं नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका गावात नोकरीला असताना तिथल्या मुलांच्या क्रिकेट संघाची व्यवस्था आमच्याकडे होती. चौदा वर्षांखालची पोरं. त्यातला एक मुलगा सरावाला सर्वांत आधी येई, स्टंप ठोके, चटई अंथरे, सगळ्यांना पाणी देई. खेळायला यथातथाच. त्याने पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते, आणि प्रत्येक सामन्याच्या आदल्या रात्री त्यांना खडू फासून आणायचा. स्पर्धा सुरू झाली. साखळीत आपले चार सामने. पहिले तिन्ही जिंकलो, उपांत्य फेरी पक्की झाली. चौथा हरलो असतो तरी काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी आम्ही अकरा नावं वाचली. त्याचं नाव त्यात नव्हतं. का नव्हतं? काही कारण नाही. लय बिघडू नये, असं आम्ही मनाशी म्हटलं. लय म्हणजे काय, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. तोही सामना जिंकलो. पोराचे बूट आणले तसेच पांढरे घरी गेले.

बऱ्याच वर्षांनी तो बसस्टँडवर भेटला. वाकून नमस्कार केला, बायकोची ओळख करून दिली, मुलाला पुढे ढकललं, 'पाया पड रे, सर आहेत'. मग म्हणाला, 'सर, त्या वर्षी कप आपणच जिंकलो होतो नाही?' आपण म्हणाला तो. आम्ही 'हो' म्हटलं आणि बस लागली.

तेव्हा 'झुंड'मधले सर जेव्हा म्हणतात की यांना झुंड म्हणू नका, टीम म्हणा, तेव्हा सभागृहात टाळ्या पडतात, आणि आम्हाला ते बूट आठवतात. टीममध्ये किती जण धरायचे हा प्रश्न नाव बदलल्याने सुटत नाही. अमेरिकेतल्या लिटल लीगने त्यावर नियमच केला आहे: संघात घेतलेल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात ठरावीक वेळ खेळवावंच लागतं. प्रशिक्षकाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. आपल्या शालेय स्पर्धांसाठी, निदान लहान गटांत, असा नियम का नसावा? क्रिकेटला अडचण आहे, अकराच खेळतात, हे मान्य. पण साखळी सामने असतात, प्रत्येकाचं नाव एकदा तरी अकरांत यावं एवढं करता येईल. इथे कॉलनीत मैदानं आहेत, सुट्टीत शिबिरं होतात, काही शिक्षकही आज समोर बसले आहेत. जेवायच्या आधी पाच मिनिटं आमच्याशी बोला.

तिकडून चिठ्ठी आली आहे: 'सर, सगळ्यांना खेळवलं तर हरायची वेळ येणार नाही का?'

येईल ना. बेअर्सही हरले. सात विरुद्ध सहा. शेवटच्या क्षणी केली घरापर्यंत धावत आला आणि अगदी दारात बाद झाला. विजेत्यांना भला मोठा करंडक, यांना त्याच्यापुढे खेळणं वाटावं असा छोटासा. वर विजेता संघ म्हणतो, तुम्ही काही वाईट खेळला नाहीत, आधी तुम्हाला हसलो त्याबद्दल माफ करा. त्यावर आमचा तो घाण तोंडाचा पिटुकला, ती माफी आणि तो करंडक दोन्हीं कुठे घालायचे ते सांगतो. ते आम्ही या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. (हशा) आणि त्याच्यामागून एक आवाज येतो, पुढच्या वर्षी बघा म्हणून. सगळे वळून बघतात. ओरडलेला असतो ल्युपस.